ट्रेलरच्या चाकामागचे दगड

एखाद्या माणसाने तुमच्या आईचा जीव वाचवला आणि तुम्ही त्याचं नाव-गाव न शोधता सगळं श्रेय एका दगडाला देऊन मोकळे झालात... तर तुम्हाला लाज वाटेल का?

वाटणार नाही. हे सदर मी बरेच दिवस वाचते आहे, त्यामुळे खात्रीने सांगते. इथे कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या आजोबांना चकवा लागतो, आणि खाली पन्नास जण लिहितात — ‘बापरे, अंगावर काटा आला.’ त्या पन्नासांतल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही, की बाबा रे, दुसऱ्या दिवशी उजेडात तिथे जाऊन बघितलंस का? काटा आला की यांचं काम झालं.

तर मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. कधीच ठेवला नाही, पुढचा अनुभव लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. नाशिकरोडच्या एका कामगार वसाहतीत मी वाढले. बाबा एका लहान छापखान्यात जुळारी होते. दिवसा लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायचे आणि सुटी झाली की त्याच अक्षरांच्या खिळ्यांनी पत्रकं — नवसाविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, गंडेदोरे विकणाऱ्यांविरुद्ध. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. आमच्या घरात दिवाळीच्या फराळाखालीही बुवाबाजीचा निषेध अंथरलेला असायचा. त्यामुळे या सदरात माझं नाव छापून येणं ही बाबांच्या दृष्टीने घरबुडवेपणाची गोष्ट आहे. पण मला जे विचारायचं आहे ते इथल्याच वाचकांना विचारावं लागणार. नाइलाज आहे.

आधी दाजींबद्दल. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षाची बाग आहे. माणूस कष्टाळू, पण डोक्यात एकदा एखादी कल्पना शिरली की तिला बाहेरचा रस्ता सापडत नाही. वाइनरी बघायला येणारी मुंबई-पुण्याची मंडळी कॅम्पर ट्रेलरमध्ये राहायला उत्सुक असतात, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. झालं. ट्रॅक्टरच्या जुन्या चार चाकी ट्रॉलीचा सांगाडा घेतला, त्यावर पत्र्याची खोली चढवली, आत दोन बिछाने, ओटा, छोटा संडास, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. बाहेरून पोपटी रंग. दिसायला ते सरकारी फिरत्या दवाखान्यासारखं दिसत होतं, पण दाजींना हे सांगण्याची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती.

आता आई. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तिला फार वेळ बसता येत नाही, आडवं व्हावं लागतं. तिची सख्खी बहीण, आमची मावशी, ओडिशात संबलपूरला असते. काका तिकडे धरणाच्या कामावर गेले आणि तिथलेच झाले. गेल्या वर्षी मावशीला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर एकमेकींकडे बघत नुसत्या रडायच्या. आईने धरलं, की मला एकदा तिच्याजवळ जायचंय.

रेल्वेने झोपून जाता आलं असतं. मी तेच म्हणत होते. पण दाजींना ट्रेलरची लांबची ट्रायल घ्यायची होती आणि आईला — हे मान्य करायला हवं — तो ट्रेलर मनापासून आवडला होता.

“रेल्वेत काय, वरच्या बर्थवरच्या माणसाचे लोंबते पाय बघत जायचं,” आई म्हणाली. “मला खिडकी पाहिजे. आयुष्यभर ओट्यापुढच्या खिडकीतून एकच भिंत बघितली. आता ओटाच फिरू दे.”

“चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो. कायदा आहे,” मी दाजींना म्हणाले.

“प्रज्ञा, आमच्याकडं ट्रॉलीत बसून अख्खं वऱ्हाड लग्नाला जातं. तू एका माणसाचं काय घेऊन बसली?”

बाबा म्हणाले, “कायद्याचं तिचं बरोबर आहे, जावईबापू.”

“मामा, कायदा बरोबर हाये, पण मामींना खिडकी पाहिजे,” दाजी म्हणाले. सासऱ्याला ते मामा म्हणतात आणि सासूला मामी. विषय संपला.

मे महिना होता. बागेची छाटणी उरकली होती. निघायच्या सकाळी जे काही झालं ते मी हाताची घडी घालून पाहिलं. ट्रेलर ओढणाऱ्या जीपच्या पुढे लिंबू-मिरची. ट्रेलरच्या मागे काळी बाहुली. डॅशबोर्डवर तीन देव आणि एक महाराज. चारी चाकांखाली लिंबं. नारळ. आरती. आई खिडकीतून म्हणाली, “अहो, त्या लिंबांचं सरबत तरी करायचं. उन्हाचं निघतोय आपण.”

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, ती नीट वाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तेव्हा दोन्हींच्या कड्या एकावर एक आणून त्यातून वरून एक जाड लोखंडी पिन सोडतात. धक्क्याने पिन उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला एक छोटी क्लिप लावायची असते. शेतावर ही क्लिप कुणीही लावत नाही. दिवसभर ट्रॉली सोडायची, जोडायची... कोण वाकत बसणार? वजनाने पिन राहते जागेवर. पिढ्यान् पिढ्या राहिलेली आहे. दाजींनी जीपच्या मागे बसवलेली जोडणी अशीच होती आणि क्लिप डॅशबोर्डच्या खणात होती, महाराजांच्या बरोबर खाली.

म्हणजे बघा. लिंबू लावायला माणूस विसरला नाही, मिरची लावायला विसरला नाही, बाहुली आठवणीने नाशिकहून आणली. क्लिप तेवढी लावायची राहिली.

सरळ हायवेने धुळ्याला जायचं सोडून आम्ही सटाण्यावरून नामपूरला गेलो. का? तर तिथे दाजींचा कांद्याच्या व्यापारातला एक मित्र राहतो आणि त्याला ट्रेलर दाखवायचा होता. दाखवला. मित्राने आत डोकावून विचारलं, “इंजेक्शनं कोठे ठेवतस?” दाजींनी ट्रेलरचं दार लावून घेतलं आणि गाडी काढली.

नामपूरहून साक्रीकडे जाताना एक लहानशी बारी लागते. बारी म्हणजे डोंगरातली खिंड, तिच्यातून चढत जाणारा रस्ता. भर दुपार. उघडाबोडका डोंगर, एक झाड नाही, नुसता काळा फुटका दगड आणि वाळलेलं गवत. चढणीवर जीपचं इंजिन तापलं, तेव्हा दाजींनी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, पाणी घातलं. मी तोवर ट्रेलरमध्ये आईजवळ बसले होते आणि काळ्या बाहुलीचा धिक्कार करत होते.

“तू पुढे जाऊन बस बरं,” आई म्हणाली. “तुझं भाषण चालू असलं की पाठीला आराम पडत नाही.”

मी पुढे जाऊन बसले. बाबा मध्ये, मी कडेला. दाजींनी क्लच सोडला, जीपला हिसका बसला, मागे खण् असा आवाज झाला आणि गाडी एकदम सुसाट निघाली.

“बघा मामा!” दाजी खूश होऊन म्हणाले. “पाणी काय पडलं, कशी पळायला लागली! काहीच ओझं नाही असं वाटतंय!”

काहीच ओझं नव्हतं. वरच्या वळणावर मी सहज आरशात पाहिलं, तर मागे नुसता रस्ता होता.

मी ओरडले. दाजींनी ब्रेक मारला. त्यानंतर मी धावत होते एवढंच मला नीट आठवतं... चप्पल कुठे गेली ते आठवत नाही. वळणावरून खाली पूर्ण चढण दिसते. आम्ही जिथे थांबलो होतो तिथे सांडलेल्या पाण्याचा ओला डाग होता. ट्रेलर तिथे नव्हता. तो बराच खाली गेला होता, मागच्या मागे, उतारावरून. खालच्या वळणाला कठडा नाही, सरळ दरी आहे. त्या वळणाच्या तोंडाशी, मागचा भाग दरीकडे करून, पोपटी ट्रेलर शांत उभा होता.

मी दार उघडलं तेव्हा आई बिछान्याची कड घट्ट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक. पहिलं वाक्य काय म्हणाली? “कोण होता गं तो? त्याला पाणी द्या आधी. केवढी धाप लागली होती बिचाऱ्याला.”

मी तिला उतरवलं आणि तेव्हा चाकं बघितली. मागच्या जोडीच्या दोन्ही चाकांमागे, डाव्या आणि उजव्या, एकेक दगड बसवलेला होता. बसवलेला म्हणते आहे, पडलेला नाही. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो, तसा, टायरच्या खाली कोपरा घुसवून.

आणि दगड ओले होते.

मे महिन्यात. त्या बारीत. गोल, गुळगुळीत, नदीतले असतात तसले, हाताला गार लागणारे, आणि खालच्या अंगाला हिरवं शेवाळ. इंजिनावरून सांडलेलं पाणी तिथवर आलं नव्हतं, मी डागाची कड जाऊन पाहिली. आसपास होता तो सगळा फुटका, टोकदार, काळा दगड. गोल दगड दुसरा एकही नव्हता.

आईचं म्हणणं असं — हिसका बसला, मग ट्रेलर मागे जायला लागला. तिला आधी वाटलं दाजी गाडी मागे घेताहेत. मग वेग वाढला, ओट्यावरचा डबा घरंगळला, तेव्हा ती ओरडली. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी धावत असल्याचा आवाज. जड पावलांचा. जोरजोरात धापा. धक्का बसून ट्रेलर थांबला आणि बाहेरून पत्र्यावर हाताने थापा पडल्या, क्लीनर लोक ड्रायव्हरला इशारा द्यायला मारतात तशा. पडदा बाजूला करून ती बाहेर बघते तर कुणी नाही.

आम्हीही पाहिलं. खालचा रस्ता पार पायथ्यापर्यंत दिसतो. ना गाडी, ना मोटारसायकल, ना माणूस. शेळीसुद्धा नव्हती. डोंगरावर लपायचं म्हटलं तर गवत घोट्याइतकं.

बाबा ट्रेलरभोवती फिरत होते. अचानक ते थांबले. “प्रज्ञा, इकडे ये! हे बघ!” पत्र्यावर धूळ साचली होती आणि त्या धुळीत एका पंजाचा ठसा होता. पाची बोटं स्पष्ट. मी पाहिला, अगदी माझ्या डोळ्यांनी. बाबांचा चेहरा उजळला होता. “माणूस आहे. माणसाचा हात आहे हा. कुणी हात लावू नका, फोटो काढू—”

माझा फोन जीपमध्ये राहिला होता. मी वळले. तेवढ्यात आईला खाली उभी बघून आमचे दाजी रडत रडत आले, हातात पूजेचा डबा. त्यांनी नारळ फोडला, दोन्ही दगडांना कुंकू लावलं आणि उरलेल्या कुंकवात पंजा बुडवून तो ट्रेलरवर उमटवला. नेमका कुठे? त्या ठशावर. कारण म्हणे तिथे ‘देवाचा हात’ होता.

एकमेव पुरावा. आयुष्यभर बाबांनी हजारो पत्रकं छापली, आणि जावयाचा एक हात त्यांना अडवता आला नाही.

“जावईबापू,” ते शेवटी एवढंच म्हणाले, “तुम्ही त्याला पुसून टाकलंत.”

“पुसलं नाही मामा, पूजलं!”

तेवढ्यात खालून मोटारसायकलवर एक गृहस्थ आले. तिथल्याच गावचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात असं नंतर कळलं. “काय व्हयनं?” त्यांनी अहिराणीत विचारलं. दाजींनी रंगवून सांगितलं. मी मध्येच विचारलं, वर येताना तुम्हाला कुणी दिसलं का?

“कोनी नई, ताई. मी खालतीन ऊनू, माले कोनी दखायनं नई.” मग त्यांनी आईकडे पाहून हात जोडले. “माय, देवनी वाचाडं वं तुले!”

“देवाला धाप लागत नाही,” आई म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

मी म्हटलं, घरी परत जाऊ. बाबांनाही तेच वाटत होतं. आई मात्र तिथेच रस्त्याच्या कडेला उताणी पडून होती, पाठीखाली उशी घेऊन, आणि तिने आकाशाकडे बघतच निर्णय दिला. “ज्याने कुणी थांबवलं, त्याने मी घरी जाऊन पडावं म्हणून थांबवलं नाही. संबलपूरला चला. आणि ती क्लिप लावा.”

मी स्वतः वाकून क्लिप लावली. वर साखळीही बांधली.

बाकीचा प्रवास मी दोन ओळींत उरकते, कारण त्यात अमानवीय काही नाही, फक्त माणसांचा मूर्खपणा आहे. अकोल्याच्या उन्हात पाण्याची टाकी फुटली. अमरावतीच्या पुढे एका गावात थांबलो तर बायका लेकरांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. फिरता दवाखाना समजून. दाजींनी त्यांना हाकललं आणि बाबांनी, डॉक्टर का येत नाही असं विचारायला कुणाकडे जायचं, ते समजावून सांगितलं. रायपूरजवळ एका लग्नाच्या वरातीला आम्ही डीजेची गाडी वाटलो. आणि संबलपूरला मावशीला खुर्चीतून उचलून ट्रेलरमध्ये आणलं आणि ट्रेलर धरणाकाठी नेऊन उभा केला. दोघी म्हाताऱ्या बहिणी एकाच बिछान्यावर शेजारी शेजारी आडव्या झाल्या आणि खिडकीतून धरणाचं पाणी बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मावशीला नीट बोलता येत नाही, पण ती हसत होती. आई तिला सारखं एकच सांगत होती, “एक माणूस धावत आला गं. नाहीतर मी आज कुठली इथे.”

हे बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आईला काय हवं आहे. तिला त्या माणसाला भेटायचं होतं. बाकी काही नाही.

म्हणून परतताना मुद्दाम त्याच बारीने आलो. मला वाटलं, शांतपणे चौकशी करू, आजूबाजूच्या वाडीवर विचारू. आणि वळणावर पाहते तर काय... देऊळ!

सिमेंटचा ओटा, त्यावर चकचकीत फरशी, भगवा झेंडा, घंटा. ओट्यावर शेंदूर थापलेले आमचे दोन दगड. फलक — ‘जागृत देवस्थान श्री थांबेश्वर महाराज’. दाजींनी कुंकू लावलेल्या दगडांचा व्हिडिओ काढला होता आणि धुळ्याच्या आधीच सगळ्या ग्रुपांवर पाठवला होता. तो फिरत फिरत इथे देव होऊन बसला होता. चढणीवर, ऐन वळणावर, एक टेम्पो आणि दोन जीपा वेड्यावाकड्या उभ्या होत्या. माणसं रस्त्यातच चपला काढत होती. एकाही गाडीच्या चाकामागे दगड नव्हता. दगड फक्त देवळात होते.

आप्पा पुढे आले. आता त्यांच्या गळ्यात उपरणं होतं. त्यांनी पोपटी ट्रेलर ओळखला. “हाई तीच माय शे!” ते ओरडले. “ट्रॉलीमातली माय!”

बायका धावल्या. सगळ्यांना आईच्या पाया पडायचं होतं. ट्रेलर दरीत जात असताना नऊवारीतली माय आत बसून जप करत होती, अशी गोष्ट तोवर पक्की झाली होती. प्रत्यक्षात माय मॅक्सीमध्ये होती आणि घरंगळलेला डबा शेवेचा होता.

“पाया पडू नका,” आई काठी टेकत म्हणाली. “मला वाकून कुणाला उठवता येत नाही.” मग ती ओट्याजवळ गेली आणि दगडांकडे बोट करून म्हणाली, “हे माझ्या चाकाचे आहेत. मला परत द्या.”

आप्पा हसले. “माय, आते तो देव शे. देवले कोन हालाडी?”

“माझी मुलगी हलवेल.”

“असं नको बोलू वं माय, कोप व्हई.”

“कसला कोप? आप्पा, तुम्ही एक सांगा. ज्याने हे दगड लावले तो माणूस उद्या इथून गेला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? चपला काढ, रांगेत ये, आणि स्वतःच्याच दगडाला नमस्कार कर?”

कुणीतरी हसलं. आप्पांचा चेहरा पडला. “मानूस नव्हताच तठे, माय. मी सोता देखं.”

“मी धाप ऐकलीये. म्हाताऱ्या माणसाची नव्हती, तरण्याची होती. पळत पळत आला तो माझ्यासाठी. आणि तुम्ही त्याला नव्हताच म्हणता?” आईचा आवाज चिरकला. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा मी तिला असं बघितलं नव्हतं. “देव असेल तर त्याला काय कमी आहे, दुसरे दगड आणेल. त्या पोराचं एवढंच आहे माझ्याजवळ.”

दाजी मान खाली घालून उभे. बाबा पुढे झाले. मला वाटलं आता भाषण होणार. पण त्यांनी भाषण केलं नाही, सरळ एक दगड उचलला, शेंदराने शर्ट लाल झाला तरी. दुसऱ्याला मी हात घातला, तर आप्पांनी वरून दोन्ही तळवे दाबून धरले. आमची ओढाताण झाली. हास्यास्पद होतं ते... शिकलेली मुलगी आणि मोठा माणूस एका दगडासाठी झोंबत होते.

शेवटी आप्पाच म्हणाले, “एक तुमना, एक आमना. बस.”

तुम्ही म्हणाल, छान तोडगा निघाला. नाही निघाला. देवस्थान आजही आहे आणि ऐन वळणावरच आहे. तिथे ब्रेक न लागलेली एखादी गाडी भाविकांत घुसेल, त्या दिवशी महाराजांचा कोप झाला असं सांगतील, आणि तुम्ही त्याचाही ‘अनुभव’ इथे लिहाल. मी संबंधित कचेरीत अर्ज दिला आहे. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, “मॅडम, पण खरंच तिथं काहीतरी आहे का हो?” असल्या लोकांच्या हाती रस्ते आहेत.

आमच्या वाट्याचा दगड घरी आणला. धुतल्यावर शेंदूर गेला. आता तो साधा, कोरडा, राखाडी दगड आहे. बाबांनी भूगोलाच्या एका प्राध्यापकांना दाखवला. ते म्हणाले, नदीतला गोटा आहे, कुठल्याही नदीत मिळेल. हे आम्हालाही दिसतच होतं.

आता माझं उत्तर काय, ते विचारा. माझ्याकडे उत्तर नाही. एका माणसाला एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या चाकांमागे दगड लावता येत नाहीत. दोन माणसं असतील तर दोघं गेली कुठे? ओले गोटे त्या डोंगरावर आले कुठून? खालून येणाऱ्या आप्पांना कुणी का दिसलं नाही? बाबा रोज सकाळी चहा पिताना नवी शक्यता मांडतात आणि कप रिकामा व्हायच्या आत स्वतःच ती खोडतात. मला ते बघवत नाही. पण ‘माहीत नाही’ म्हणायला ते लाजत नाहीत, म्हणून ते माझे बाबा आहेत. ‘माहीत नाही’ या दोन शब्दांवर फरशी बसवून घंटा टांगणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं, ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

आई रोज विचारते, काही कळलं का. म्हणून तुमच्या दारात आले आहे. ज्यांना काटा आला त्यांनी तो स्वतःपाशी ठेवावा. बाकीच्यांनी एक काम करा. बागलाण, मालेगाव, साक्री या भागात तुमच्या ओळखीचे जे ड्रायव्हर, क्लीनर, मेंढपाळ, शाळेत जाणारे मास्तर असतील, त्यांना विचारा — मे महिन्यातल्या एका दुपारी, नामपूर-साक्री रस्त्यावरच्या बारीत, मागे घसरणाऱ्या पोपटी ट्रेलरमागे कुणी धावलं होतं का? कुणी ‘मी’ म्हणालं, तर त्याला दोन गोष्टी विचारा. पत्र्यावर थापा किती मारल्या, आणि ट्रेलरच्या कुठल्या बाजूला. ही दोन्ही उत्तरं मी इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण मी तुम्हाला ओळखते. ती जुळली तर त्याचा पत्ता संपादकांकडे पाठवा. आईला तो कुठेही असला तरी जायचं आहे; ट्रेलर तयार आहे, क्लिप लावलेली आहे.

आणि तो देव होता असं ज्यांना कळवायचं आहे, त्यांनी कृपा करून कळवू नका.